दिवे मी विझवले होते

माजा जन्म दाभोळचा. बापूस बोटीवर नि आवस डोक्यावर पाटी घेऊन गावोगाव मासे विकायची, म्हणजे मी जन्मले तीच मासळीच्या वासात, मना त्याचं काय नाय वाटत, पण दुसऱ्याला वाटतं, नि त्या वासापायीच पुढे सगळा घोळ झाला, म्हणून ताई, तुमी लिवून घेताय तर हे आधी सांगून ठेवते. लग्न होऊन रत्नागिरीत आले. नवरा तांडेल होता, बोट त्याच्या हुकमाने चालायची, घर मात्र माज्या. तो छातीच्या दुखण्याने गेला, घरातच, खाटेवर, लोक उगाच विचारतात समुद्रात गेला काय म्हणून. तेव्हा महेश, माजा पोरगा, शाळेत होता. मंग मी पण आवशीसारखी पाटी उचलली.

पाटी घेऊन एसटीत चढायचं म्हणजे काय सांगू तुमाला ताई, कंडक्टर म्हणणार मागे जा, मागचे नाक धरून म्हणणार पुढे जा, मी काय मधल्यामधे लोंबकळू? शेवटी जुनी व्हॅन घेतली नि चालवायला शिकले. शिकवणारा सारखा म्हणायचा, मावशी, क्लच हळू सोडा, मी म्हटलं बाबा, मी जन्मात काय हळू सोडलेलं नाय. पण शिकले. पहाटे बंदरावर जायचं, लिलावात मासळी घ्यायची, क्रेटमधे बर्फ घालून भरायची, नि हातखंबा, निवळी करत देवरुखाकडच्या वाड्यांवर जायचं. हॉर्न दिला की बायका ताटं घेऊन धावत येतात, बांगडे आणलेस काय गो, आज कोलंबी नाय काय गो. त्या गाडीवर महेश शिकला, नोकरीला लागला, त्याचं लग्न झालं, सून आली स्नेहा, मंग नात झाली. सून वाईट नाय माजी, हे पण लिवा.

आता ते दिव्यांचं. कुटून सांगू तेच कळत नाय, कारण माजंच मना तेव्हा काय कळत नव्हतं. आमचं घर खाडीच्या अंगाला, खाली उतारावर. वरून पाखाडी उतरते, पाखाडी म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट, तिच्या डोक्याला मी गाडी लावते, तोंड खाली करून. एक दिवस पहाटे बगते तर गाडी सुरूच होईना. पुढचे दिवे मिणमिणताहेत, बॅटरी खलास. म्हटलं राहिले असतील चालू आपल्याच हातून. मंग परत झालं. मंग परत. महेश म्हणाला आये, दिवे तूच विसरतेस. मी म्हटलं मी विझवले होते. तो म्हणाला विझवले असतेस तर लागले कसे, गाडीला काय हात हायत?

तेव्हापासून मी दिवे विझवताना मोठ्याने बोलायला लागले. दिवा बंद, दिवा बंद, असं म्हणायचं, बटणाला परत हात लावायचा, उतरून पुढे जाऊन काचेवर हात ठेवून बगायचं. शेजारची सुमनवयनी वर कपडे वाळत घालत असली तर तिला विचारायचं, वयनी, दिसतोय काय गो दिवा? ती म्हणायची नाय गो बाय, कितीदा विचारशील. नि दुसऱ्या दिवशी दिवे लागलेले. कदी निवळीचा उतार उतरताना हॉर्न आपोआप वाजायला लागायचा, थांबायचाच नाय, समोरचा ट्रकवाला हात बाहेर काढून शिव्या घालतोय, नि मी स्टेअरिंगवरचे दोन्ही हात वर करून त्याला दाखवतेय की बाबा, मी नाय वाजवत. चालत्या गाडीत हात वर! आता हसू येतं, तेव्हा येत नव्हतं.

येत नव्हतं कारण आवस आठवायची. माज्या आवशीला शेवटी शेवटी काय आठवत नव्हतं. भर दुपारी रिकामी पाटी डोक्यावर घेऊन बंदराकडे निघायची, रस्त्यात कोणी अडवलं तर म्हणायची लिलाव चुकेल माजा. मना बगून म्हणायची, तू कोणाची गो? ताई, आवशीने आपल्याला तू कोणाची विचारलं की काय होतं ते सांगता येत नाय. ते महेशने लहानपणी बगितलेलं हाय. तो माज्याकडे बगायचा तसं, तेव्हा मना कळायचं त्याच्या मनात कोण हाय ते.

मी गाडी अन्वरकडे नेली. अन्वर म्हणजे नाक्यावरचा वायरमन, गाड्यांच्या लाइटचं, बॅटरीचं काम करतो, मना काकी म्हणतो. त्याने बटण बगितलं, फ्यूज काढून बगितले, तारेला दिवा लावून बगितला, सगळं ठीक. गाडी चार दिवस त्याच्या दारात उभी, एकदा म्हणून दिवा लागला नाय. घरी आणली, क्रेट भरली, धंदा करून आले, की लागले. परत नेली, परत शहाणी. अन्वर डोकं खाजवत म्हणाला, काकी, तारेत कुठे पाणी जात असेल म्हणावं तर पावसात व्हायला हवं, तुमची गाडी पावसात ठणठणीत नि उन्हात येडी, मग पाणी कसलं? ते पण खरं होतं. पावसाळ्यात बोटी बंद, मी सुकट, बोंबील, सुका जवळा विकत फिरते, धो धो पाऊस पडतो नि गाडी हूं की चूं करत नाय. घरात सगळे म्हणाले, बग, पावसाळ्यात दगदग कमी, डोकं थंड, म्हणून विसरत नाय. मना पण ते पटलं हो. मी स्वतःच म्हणायला लागले की माजंच काहीतरी होतंय.

नारळी पुनवेनंतर बोटी सुटल्या, नि लागले दिवे.

मंग काय, घरात पण सुरू झालं. दूध उतू गेलं की स्नेहा नुसती गॅस पुसायची. आमटीत मीठ दोनदा पडलं. नातीला एकदा हाक मारताना माज्या बहिणीचं नाव तोंडात आलं, कोणाला येत नाय? पण सगळे माज्याकडे बगायला लागले. महेशने डोक्याच्या डॉक्टरकडे नंबर लावला. मी म्हटलं मी नाय यायची, तिथे गेलं की येडी म्हणून नाव पडतं, मंग माणूस तसाच होतो. भांडले मी. शिव्या पण दिल्या पोराला. नि आत जाऊन भिंतीकडे तोंड करून म्हणून बगितलं, मी अमक्याची सून, अमक्याची आवस, आज वार अमका. बरोबर आलं सगळं, तरी भीती जाईना.

एक दिवस वाटेतच मना ताप भरला म्हणून अर्धा माल तसाच परत आणला, क्रेट गाडीतच बर्फात ठेवली. सकाळी बगते तर बॅटरी मेलेली. महेशने चावी घेऊन खिशात घातली नि म्हणाला आये, आता बास, ही गाडी मी विकणार. हात झटकल्यासारखं बोलला. मी नुसतं म्हटलं माल नासेल, त्या अन्वरला तरी बोलव, गाडी सुरू करून दे, मासळी वाटून टाकू कोणाला तरी.

अन्वर आला, दुसरी बॅटरी आणली, तारा जोडल्या. मी तिकडे आंब्याखाली उभी, हात पदरात. गाडीत कोण नाय. चावी महेशच्या खिशात. बटण बंद. नि लागले दिवे! सगळ्यांच्या देखत लागले. पाठोपाठ हॉर्न, लांबच लांब. सुमनवयनी वरून ओरडली, कोण वाजवतंय गो सकाळी सकाळी? मी ओरडले, कोण नाय वाजवत! कोण नाय! बगा सगळ्यांनी! नि मी तिथेच पायरीवर बसले नि रडले, ताई, नवरा गेला तेव्हा रडले नसेन तशी रडले. महेश चावी हातात घेऊन उभा, तोंड एवढंसं.

अन्वरने ड्रायव्हरच्या पायाखालची चटई उचलली नि हात घातला तर हात ओला. वास घेतला, बोट जिभेला लावलं नि थुंकला. म्हणाला, काकी, खारट. बर्फाचं पाणी, मासळीचं मीठ घेऊन क्रेटमधून सांडायचं, उतारावर तोंड खाली करून गाडी लावली की सगळं पुढे यायचं, निवळीच्या उताराला पण तेच, नि चटईखाली पत्रा गंजून खड्डा झालेला, त्यात तारांचा जुडगा बुडायचा. सांधे उघडले तर आत हिरवी भुकटी. खारट पाण्यातून एका तारेतली लाइट दुसरीत जायची, मंग दिवा काय नि हॉर्न काय, ज्याला मिळेल तो चालू. पावसाळ्यात सुकी मासळी, बर्फच नाय, म्हणून तेव्हा गाडी शहाणी. मी म्हटलं अरे, मंग तुज्याकडे कसा नाय लागला? तो म्हणाला, काकी, माज्याकडे आणताना तुम्ही गाडी काय करायचात?

काय करायचे म्हणजे? धुवायचे! क्रेट उतरवायची, फिनेल घालून आतून घासायची, दारं उघडी टाकून दिवसभर उन्हात वाळवायची, मंग न्यायची. मासळीच्या पाण्याने बरबटलेली, वास मारणारी गाडी माणसाच्या दारात नेऊन उभी करायची, लाज नाय काय वाटणार? तो म्हणाला, तुम्ही रोग धुवून आणायचात, मी काय बगणार? आता हसू की रडू ते कळेना, दोन्ही केलं.

त्याने तारा बदलल्या, जुडगा वर उचलून बांधला, खड्ड्याला पत्रा मारला, क्रेटखाली पत्र्याचा ट्रे नि मागे नळी, पाणी रस्त्यावर. त्यानंतर दिवा म्हणून आपोआप लागला नाय. महेशने चावी आणून देवापाशी ठेवली, माज्या हातात द्यायला त्याला धीर झाला नाय. डॉक्टरचा नंबर काढून टाकला. आता घरात काय झालं, दूध उतू गेलं, मीठ जास्त पडलं, की तोच हसतो नि म्हणतो, पाणी गेलं असेल आये कुठेतरी तारेत. स्नेहा पण हसते. मी पण हसते.

पण ताई, तुमाला सांगते, तुमी लांबच्या म्हणून सांगते. परवा बावनदीच्या पुलाजवळ गाडी बाजूला घेतली, पाणी प्यायला. पाणी प्याले, परत बसले, नि मना कळेचना की मी देवरुखाला जातेय की घरी चाललेय. गाडी रस्त्याच्या कडेला, ऊन डोक्यावर, रस्ता दोन्हीकडे सारखाच. तिथे खारट पाणी नाय, तार नाय, काय नाय. मी घाबरले नाय असं नाय. मंग मागे वळून क्रेट बगितली. भरलेली होती. म्हणजे जात होते. गाडी सुरू केली नि गेले, सगळा माल खपला, हिशेब पण चुकला नाय.

महेशला नाय सांगितलं. सांगेन कदीतरी, आत्ताच तर हसायला लागलाय. तोवर देवाकडे एवढंच मागते, रोजच्या रोज माल सगळा खपू दे रे बाबा. क्रेट रिकामी असली म्हणजे कळतं, आता घरी जायचं.