आईच्या तीन शिट्ट्या

आमच्या इटालियन शेफचं तुम्हाला कधी सांगितलंच नाही ना? अंधेरीच्या आमच्या हॉटेलात पास्ता जरा जास्त शिजला की हा माणूस अख्खं भांडं कचऱ्यात ओतायचा. दाताला किंचित टणक लागलाच पाहिजे, हा त्याचा हट्ट. मला हेड कुक करायचं त्याच्या मनात होतं. एक दिवस म्हणाला, "तुझ्या आईला मी स्वतः पास्ता करून घालतो." आणि खरंच आला की आमच्या चारकोपच्या घरी.

आमच्या ओट्यावर त्याने मन लावून पास्ता केला आणि बाल्कनीत सिगारेट ओढायला गेला. आईने चव घेतली. पाहुण्याला कच्चं कसं वाढायचं, म्हणून तिने सगळा पास्ता कुकरला लावला. तिसऱ्या शिट्टीला शेफ धावत आत आला. कुकर उघडल्यावर आतला लगदा बघून तो मटकन खुर्चीत बसला. माझी तर वाटच लागली.

मी आईला हळूच म्हटलं, "अगं, ह्याची चार देशांत चार हॉटेलं आहेत."

आईने त्याच्याकडे मायेने बघितलं. म्हणाली, "चार हॉटेलां काढल्यान, आणि एक कुकर घेवक जमूक नाय?"