एकशे बेचाळीस रबरी मासे आणि एक खरा

नाही, नाही, मला एवढंच सांगा, शेपटी बघून घ्यायचा की पोट बघून? एकदा काय ते ठरवा, म्हणजे मी मोकळा. कारण त्या दुकानदाराला विचारलं की तो म्हणतो, "साहेब, सगळा खेळ शेपटीचा आहे," आणि मी चांगल्या शेपटीचा उचलला की म्हणतो, "पण पोट बघा ना, पोट खपाटीला गेलंय." अरे, मी मासा घ्यायला आलोय की त्याची तब्येत तपासायला? आणि मासा म्हणजे तरी काय, रबराचा. बोटभर लांब, मऊ, दाबला तर दबतो, सोडला तर लवलवतो. त्याच्यात गळ ओवायचा, काठीवरच्या रिळाची दोरी बांधायची, समुद्रात फेकायचा आणि ओढायचा. म्हणजे मग खरा मोठा मासा, जो दुसऱ्या माशांवर जगतो, त्याला वाटतं की आलं आपलं जेवण, आणि तो धावून येतो. असं म्हणतात. मी आठ महिने ओढत होतो, एकालाही तसं वाटलं नाही.

आता तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं, घ्यावा एखादा. हेच, हेच सगळे म्हणतात. एकदा त्या दुकानात जाऊन तर बघा. भिंतीला खालपासून वरपर्यंत पाकिटं टांगलेली. चपट्या शेपटीचे, विळ्यासारख्या वाकड्या शेपटीचे, दुभंगलेल्या शेपटीचे, शेपटीच नसलेले. काही कोळंबीसारखे, काही खेकड्यासारखे, आणि एक तर असा, की तो कशासारखा आहे हे दुकानदारालाही माहीत नाही. तो नुसता म्हणतो, "हा चालतो." बरं, लांबी तीन इंच, चार इंच, पाच इंच. नाकाशी लावायचं शिशाचं डोकं, ते दहा ग्रॅमचं की वीसचं? आणि हे सगळं ठरलं की मग रंग. रंग म्हटलं की मी संपलो.

कारण माझी भाकरीच रंगाची आहे हो. भिंतींच्या रंगाच्या दुकानात एकोणीस वर्षं मी रंग मिसळून देतोय. बायका येतात, पुरुष येतात, म्हणतात, "आम्हाला पांढराच हवाय, पण पांढरा नको." मला ते कळतं. मी त्यांना बरोबर तो पांढरा काढून देतो. अशा माणसापुढे तुम्ही हिरव्याच्या चाळीस छटा टांगता आणि वर म्हणता, घ्या एखादा? मी दुकानदाराला विचारलं, "रंगाचं गणित काय?" तो म्हणाला, "सोपं आहे, साहेब. पाणी स्वच्छ असेल तर फिकट, गढूळ असेल तर भडक." म्हटलं, "आणि मधलं असेल तर?" म्हणाला, "मधला." म्हटलं, "मग हा लाल देतोस?" दीड तास घालवून निवडला होता मी तो लाल, डाळिंबी नाही, विटकरीही नाही, त्यांच्या मधला. तर हा थंडपणे म्हणतो, "लाल खोल पाण्यात गेला की काळा दिसतो, साहेब." मग दीड तास गप्प का बसला होतास? म्हटलं, "बरं, मग काळाच दे." "काळा नको, साहेब, काळ्याला उठाव नाही." आता मुद्दा असा, की घ्यायचा कुठला?

दोन्ही घेतले. असं करत करत एकशे बेचाळीस झाले.

हसू नका. मला आवडतं ते. दिवसभर मी लोकांच्या भिंतींचे रंग निवडून देतो, त्यांची बैठकीची खोली, त्यांचं स्वयंपाकघर, त्यांच्या सासूबाईंची खोली. माझ्या स्वतःच्या घराच्या भिंती घरमालकानं ठरवल्यात, फिकट पिवळ्या, बघवत नाहीत. तर संध्याकाळी त्या दुकानातल्या स्टुलावर बसून एक पाकीट उजेडात धरायचं, दुसरं धरायचं, आणि कुणी मागे उभं राहून "लवकर सांगा" म्हणत नाही... काय सुख असतं ते तुम्हाला सांगून कळणार नाही. माझं म्हणावं असं घरात काय आहे? ते या माशांचे चार डबे. बस्स.

आणि दुसरीकडे आमचे साडू. लिफ्ट दुरुस्त करतात. वर गेली, खाली आली, झालं काम, असा सरळ माणूस. दर रविवारी धक्क्यावर माझ्या शेजारी उभे राहतात, दर रविवारी मासा काढतात. एक रबरी मासा आहे त्यांच्याकडे. एक! त्याला निम्मीच शेपटी आहे, एक डोळा नाही, आणि वर्षभर तो त्यांच्या शर्टाच्या खिशात स्क्रू ड्रायव्हरबरोबर राहतो. मी एकदा धीर करून विचारलं, "साडूभाऊ, नवा असताना रंग कुठला होता हो?" त्यांनी तो हातात घेऊन उलटासुलटा केला, विचार केला आणि म्हणाले, "रंग? याला होता का?" एकोणीस वर्षांची नोकरी पाण्यात गेली असं वाटलं मला. त्यांना काही नाही, त्यांना पुढच्याच फेकीला मासा लागला.

तर हे असं सुखानं चाललं होतं आणि मग वास सुटला. त्याचं काय झालं, हल्ली वासाचे रबरी मासे निघालेत. कोळंबीच्या वासाचे, लसणाच्या वासाचे. माशाला वास आला की तो सोडत नाही म्हणे. मासा सोडत नाही ते राहू द्या, तो वासच काही सोडत नाही. डबे होते कपाटात खाली, वर हिच्या साड्या. ही डोळ्यांच्या डॉक्टरांकडे दारातल्या टेबलावर बसते, पेशंटची नावं लिहून घेते. एक आजोबा आले, दिसत काही नव्हतं बिचाऱ्यांना, पण नाक शाबूत. म्हणाले, "बाई, इथं कोळंबी कोण शिजवतंय?" अख्खी बाकं हसली.

त्या संध्याकाळी ही घरी आली ती चप्पल न काढताच बोलली. ओरडली नाही. ओरडली असती तर परवडलं असतं. म्हणाली, "अहो, आठ महिन्यांत या घरात मासे किती आले?" मी म्हटलं, "खरे की..." "खरे." म्हटलं, "एकही नाही." म्हणाली, "मग ऐका. हा रविवार शेवटचा. तुमच्या हातचा एक मासा घरात आला तर डबे राहतील. नाही आला तर चारही डबे भाऊजींकडे जातील. त्यांना उपयोग तरी होईल." भाऊजी म्हणजे कोण? साडू! माझे एकशे बेचाळीस मासे त्या माणसाच्या खिशात जाणार, जो म्हणतो, याला रंग होता का! "आणि रविवारपर्यंत ते घरात नकोत. गाडीत ठेवा. आणि रविवारी मी स्वतः येणार आहे बघायला. भाऊजींचा मासा तुमचा म्हणून आणाल नाहीतर."

बघा, लग्नाला सोळा वर्षं झाली आणि हा विश्वास.

झोप उडाली हो माझी. कारण वेळ एकाच रविवारची, आणि मुद्दा असा, की घ्यायचा कुठला? शनिवारी पहाटेच उठलो आणि ठरवलं, आजवर आपण चुकलो ते इथंच. माल आहे, पण मांडणी नाही. चार डब्यांत शोधता शोधता भरती निघून जाते. मग एक मोठा डबा घेतला, सगळे मासे पाकिटांतून बाहेर काढले आणि रंगानं लावले. फिकटापासून गडदापर्यंत. मोतिया, मग लिंबू, मग पोपटी, मग शेवाळी, असं करत शेवटी जांभळा आणि काळा. आणि त्या डब्यात प्लॅस्टिकचे खण होते ना, ते मी काढून टाकले. शेडकार्डात कुठं भिंती असतात? रंग कसा एकातून एक वाहत गेला पाहिजे. झाकण लावलं, डबा गाडीत मागच्या काचेखाली ठेवला आणि कामावर गेलो. दिवसभर कडक ऊन. मी खुशीत. एका गिऱ्हाइकाला पांढरा न मागता दिला.

आता तुम्हाला सांगतो, त्या दुकानदारानं मला बजावलं होतं. आठ महिन्यांपूर्वी, पहिल्याच दिवशी. "साहेब, रबर दोन जातीचं येतं. एक साधं, एक खूप ताणणारं. दोन्ही एकमेकांना टेकू देऊ नका, त्यात ऊन तर अजिबात नको, विरघळतात." तो हे सांगत होता तेव्हा मी काय करत होतो? मी दोन निळ्यांमधला फरक बघत होतो.

रविवारी सकाळी धक्क्यावर पोचलो. पाणी कसं, मधलं. वारा मंद, भरती चढतीला. साडू आधीच उभे. ही छत्री उघडून खुर्चीवर बसली, परीक्षेला बाहेरचे परीक्षक येतात तशी. मी डबा पुढे ठेवला, सगळ्यांनी बघावा म्हणून जरा कोन साधला आणि झाकण उघडलं.

गोळा. एकच गोळा, हो. एकशे बेचाळीस मासे गेले कुठं? ते त्यातच होते. मधूनच एखादा डोळा बघत होता, मधूनच एखादी शेपटी वर आली होती, बाकी नुसता चिकट लगदा, आणि रंग... आयुष्यात पहिल्यांदा असा रंग पाहिला ज्याला माझ्याकडे नाव नाही. मला रडू आलं. खोटं कशाला सांगू, डोळ्यांत पाणी आलं. आठ महिन्यांच्या संध्याकाळी होत्या त्या डब्यात. साडू वाकून बघत म्हणाले, "वा, सगळे एकत्रच घेतलेत का या वेळी?" मनानं वाईट नाहीत ते.

आणि ही? ही हसायला लागली. छत्री पडली, खुर्ची कलली, पदर तोंडात धरून हसतेय. मग माझ्याकडे बघितलं आणि हसायची थांबली. उठली, डब्यात हात घातला, त्या गोळ्याचा एक लांबडा लचका तोडला आणि म्हणाली, "हं, हा लावा." मी म्हटलं, "अगं, याला शेपटी नाही, पोट नाही, याला रंग..." म्हणाली, "मग बरंच झालं. निवडायचं काही राहिलं नाही. फेका."

फेकला. काय करणार? दोन वळसे रीळ फिरवलं असेल, तेवढ्यात काठी हातातून जाते की काय असा हिसका बसला. मला वाटलं, खडकात अडकला. साडू म्हणाले, "खडक असा पळत नाही." आणि मग जे काही सुरू झालं! तो ओढतोय, मी ओढतोय, रिळातून दोरी किंचाळत बाहेर चाललीय, साडू जाळी घेऊन पायऱ्यांवर उतरलेत, आणि ही माझा शर्ट मागून दोन्ही हातांनी धरून उभी, "सोडू नका हं, अहो, सोडू नका," म्हणजे मला की माशाला कळेना. पंधरा मिनिटांनी साडूंनी तो जाळीत घेतला. माझ्या मांडीएवढा. चंदेरी, पाठीवर जरा निळसर... नाही, निळसर नाही, राखाडीकडे झुकणारा निळा. जाऊ दे. मी धक्क्यावर मटकन खाली बसलो आणि लहान मुलासारखा हसत सुटलो.

धक्क्यावरचे सगळे जमले. प्रत्येकाचा एकच प्रश्न, "लावलं काय होतं?" साडूंनीसुद्धा खिशातला एकडोळ्या काढून समुद्रात टाकायला हात उचलला होता, मीच धरला.

मासा घरी आला. डबे राहिले. शब्दाची पक्की आहे ही. पण डबे राहिले ते रिकामे, कारण उरलेला गोळा धक्क्यावर जमलेल्यांनी तोडून तोडून नेला, आणि मीही खुळ्यासारखा वाटला. सोमवारी कामावर जाऊन आमच्या रंग मिसळायच्या मशीनवर तो रंग जुळवायला बसलो, जुळेना. तेव्हा कळलं, तो रंग हवा असेल तर एकच मार्ग, तेच एकशे बेचाळीस पुन्हा आणायचे, त्याच क्रमानं लावायचे आणि विरघळवायचे. यादी घेऊन रबरी माशांच्या दुकानात गेलो तर दुकानदारानं स्टूल स्वतःच्या रुमालानं पुसलं.

तर काल संध्याकाळी मी नवा डबा लावून बसलो होतो आणि आपला स्वतःशीच पुटपुटलो, "उन्हात ठेवायचा तो सकाळच्या की दुपारच्या?"

आतून आवाज आला, "दुपारच्या. सकाळचं ऊन कोवळं, रंग फिका येईल."

मी मान वर करून बघितलं. ही दारात उभी. आली, शेजारी बसली, पोपटी आणि शेवाळी दोन्ही उजेडात धरले, बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "अहो, या दोघांच्या मधला नाही का हो मिळत?"

झालं. आता या घरात दोघंजण झालो.