माहीत नाही म्हणणारा एआय

सुनील हा माझा धंद्यातला पार्टनर. त्याला काहीही विचारा, उत्तर येणारच. धुळ्याच्या आमच्या ऑफिसातला एआयसुद्धा डिट्टो तसाच. आम्ही ज्यावर ॲप बनवतो त्या फ्रेमवर्कची नवी आवृत्ती आली तरी हा बिनधास्त जुन्या पद्धतीचा कोड लिहून द्यायचा, आणि गिऱ्हाइकासमोर आमचं ॲप बंद पडायचं.

शेवटी हट्टाला पेटून मी एक टूल बनवलं. आता एआय आधी फ्रेमवर्कचं ताजं डॉक्युमेंटेशन, म्हणजे त्याची अधिकृत माहितीपुस्तिका, उघडतो आणि त्यात असेल तेवढंच बोलतो. सुनीलने पहिलाच प्रश्न टाकला. उत्तर आलं, "डॉक्युमेंटेशनमध्ये हे नाही. मला माहीत नाही."

"बिघडवलंस तू याला. काल सगळं सांगत होता."

"काल सगळं चुकीचं सांगत होता."

"पण सांगत होता ना? काढ ते टूल."

"काढणार नाही," मी म्हटलं.

संध्याकाळी बसस्टँडवर एका अक्कांनी सुनीलला अहिराणीत विचारलं, "भाऊ, दोंडाईचानी गाडी कोठे लागस?"

सवयीने सुनीलचा हात एका फलाटाकडे उठला. मी नुसतं त्याच्याकडे पाहिलं. हात खाली आला.

"अक्का, माले माहीत नही," तो म्हणाला. "थांबा, चौकशीनी खिडकीवर इचारीसन येस."