साहेबाचा ओटा

...तर मंडळी, तुम्हीच मला सांगा, माणसाने विश्वास ठेवायचा तरी कुणावर? सुतारावर? त्याला म्हटलं, बाबा रे, गाडीत मागे कुत्र्यासाठी एक ओटा करून दे, तर म्हणतो पंधरा दिवस लागतील, आणि मुलीच्या बाळंतपणाला डॉक्टरांनी दिलेले दिवस उरलेत आठ! म्हणजे नातवंड तिकडे यायचं, आजी इकडे, आणि सुतार अजून कानावरची पेन्सिल शोधतोय. आजी, म्हणजे आमची ही, तयार होती हो, बॅग भरून दारात ठेवलेली, पण तिची अट एकच. साहेबाशिवाय हलणार नाही.

साहेब म्हणजे आमचा कुत्रा. वजन छप्पन्न किलो, वय नऊ, मागचे पाय अधू, आणि हिच्या हातून मिळाल्याशिवाय घास घ्यायचा नाही. मागच्या सीटवर निजवून पाहिला, तर अर्धा साहेब सीटवर आणि अर्धा पाय ठेवायच्या खळग्यात. म्हटलं, सव्वीस वर्षं चपलांचं दुकान चालवतोय, तिथली एकूण एक फळी या हातांनी ठोकलीय, मग एक ओटा काय जड आहे?

मागची सीट उपटली. साहेबाला नाकापासून शेपटीपर्यंत मापला, उभा मापला, अंग मुडपून बसला तसाही मापला. लोकांच्या पायाची मापं घेण्यात जन्म गेलाय, तुम्हाला सांगतो, माप अगदी चोख होतं. प्लाय कापला, खाली दांड्या दिल्या, वर दुकानातलं उरलेलं रेक्झिन ताणून बसवलं, इतकं गुळगुळीत की त्यात बघून भांग पाडावा. कडेला दोन बोटं उंच पट्टी, साहेब पुढे उडी मारेल म्हणून मध्ये जाळी, पट्टा अडकवायला लोखंडी कडी. मागच्या दारांचे खटकेही असे लावले की आतून उघडायलाच नकोत. शेजारचे मास्तर बघून म्हणाले, यावर तर मीसुद्धा झोपेन. मी म्हटलं, रांगेत या.

सकाळी निघालो. साहेब चढला, पसरला, जांभई दिली. मी हिच्याकडे असं काही पाहिलं... नवऱ्याला आयुष्यात दोन-तीनदाच असं पाहायला मिळतं. मग पूल आला. पुलाचा चढ लागला आणि मागून आवाज... सर्र्र, धप. आरशात बघतो तर ओटा आहे, रेक्झिन चमकतंय, साहेब नाही. पूल उतरून गाडी कडेला घेतली, मागचा दरवाजा उघडला, आणि दरवाजाला टेकलेला सगळा साहेब माझ्या अंगावर आला. पुन्हा चढवला. पुन्हा चढ, पुन्हा सर्र्र, धप. तिसऱ्यांदा त्याने पाय रोवले आणि माझ्याकडे पाहिलं, पहिल्याच दिवशी उसवलेला जोड परत आणणारं गिऱ्हाईक पाहतं ना, तसं.

माप तर चोख होतं हो, मग बिघडलं कुठे? वाकून बघतो तर ओट्याला मागच्या दाराकडे चांगला चार बोटं उतार! कुणी दिला? मीच दिला. दुकानात चपलांची फळी सरळ ठोकतो का आपण? पुढे उतार देतो, रस्त्यावरून जाणाऱ्याला जोड पुरता दिसावा म्हणून. सव्वीस वर्षांची सवय, हाताने डोक्याला न विचारता उतार देऊन टाकला. आणि ती पट्टी, तिला गमबूटसुद्धा अडतो... साहेब नाही अडला.

हिने सगळं शांतपणे पाहिलं. म्हणाली, "अहो, त्याला झोपवायचं होतं, विकायला नव्हतं मांडायचं."

घरी परतून दुरुस्त करावं, तर मुलीचा फोन. आई, दुखायला लागलंय, निघालात ना? तोवर ही खाली उतरलेली बघून साहेब पुढे हिच्या सीटवर जाऊन बसलेला, उठायचं नाव नाही. मी हिला म्हटलं, तू जरा वेळ मागे बस. तिने ओट्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि किल्लीसाठी हात पुढे केला.

"ज्याने केलाय त्याने बसावं. मी चालवते."

दोनशे दहा किलोमीटर, मंडळी. पुढे ही, शेजारी पट्टा लावलेला साहेब, खिडकीतून वारा खातोय. मागे मी, दोन्ही हातांनी कडी धरून. चढ आला की सर्र्र दाराशी, ब्रेक लागला की तोंड जाळीवर. एका नाक्यावर पोलिसाने विचारलं, बाई, मागे काय आहे? ही म्हणाली, काही नाही, आमचे हे आहेत. त्यानेही जाऊ दिलं. माप मात्र चोख, तुम्हाला सांगतो, कुठे म्हणून आखडलो नाही.

दवाखाना आला. ही धावत आत, साहेब तिच्यामागे पायरीपर्यंत, आणि किल्ली हिच्या पर्समध्ये. वीस मिनिटांनी मुलीने डोळे उघडून पाहिलं तर आई उशाशी होती. त्यासाठीच तर सगळं केलं ना? नात झाल्याचं मला जावयाने गाडीच्या काचेबाहेरून खुणेने सांगितलं. मीही आतून मान डोलावली.

तेव्हा तुम्हीही असा ओटा जरूर करा. फक्त खर्चाच्या वहीत नुसतं लाकूड आणि रेक्झिन लिहून थांबू नका, त्यावरून कोण पोचलं तेही मांडा. माझ्या वहीत मांडलंय. कुत्रे शून्य, आजोबा एक. तेवढा हिशेब प्रामाणिकपणे ठेवा हो... नाहीतरी वही शेवटी बायकोच वाचते.