विकणे आहे: जोंगा, चालू हालतीत

नाही नाही, पूर्ण नको दाबू बेटा, अर्धाच — पायाखाली पापड आहे असं समज, दबला पाहिजे पण मोडला नाही पाहिजे — हां, असं. आता चोक ओढ, तो काळा नॉब, डावीकडचा — तो नाही, तो लाईटचा — हां, तोच. तू स्कूटीवाली न, तुला वाटत असेल बटन दाबलं का झालं. ही जोंगा आहे, मिलिटरीची जीप. सेल्फ नाही हिच्यात. जाहिरातीत लिहिलं नव्हतं? अंबरीशनं टाकली जाहिरात, माझ्या मुलानं, पुण्याला असते तो — त्याला वाटलं असेल, लिहिलं तर लोक येणार नाहीत. पण हँडलनं सुरू होते न, मस्त होते. मी समोरून हँडल मारतो, तू आतून एक्सलेटर सांभाळ. एकट्याचं काम नाही हे — इंजिननं पकडलं अन् पाय नसला तं मी समोरून धावत सीटवर येईपर्यंत ती बंद. सत्तरी ओलांडली मी, किती धावू? तू राइट टाउनवरून आली म्हणाली न, प्रणोती न तुझं नाव? मराठी समजते न सगळी? बोलायला लाजते, हो न — इथल्या सगळ्या पोरांचं असंच, आजीशी मराठी अन् बाकी दुनियेशी हिंदी. चालते. मी बोलतो, तू ऐक. हे पाह्य, अंगठा पाहिला माझा? बोटांच्या बाजूनंच ठेवायचा, हँडलला वळसा नाही घालायचा — उलटा झटका आला का मनगट जाते, आमच्या फॅक्टरीत दोघांचं गेलं असतं, मी ओरडलो म्हणून वाचले. तयार? न्यूट्रल आहे न? एक — दोन — दाब, इंदू, दाब —

आली! आली आली — सोड थोडं — हां, बस, धरून ठेव तिथंच. ऐक. सहा सिलिंडर आहेत, एकाचाही ठोका चुकून नाही राहिला. हा आवाज ऐकायला रविवार लागते मला. — काय? इंदू म्हटलं का मी? अच्छा. तोंडात बसलं आहे ते, हँडल मारताना तेच निघते. माझी मिसेस. तू उतर अन् तिकडून बस, एक चक्कर मारून आणतो तुला, चक्कर मारल्याशिवाय कोणी गाडी घेते का? खमरियापर्यंत जाऊ अन् परत. वेळ आहे न? अर्धा तास. चलो, बस.

दरवाजा जोरात लाव. अजून जोरात. हां. — तुला सांगतो, ही मी लिलावातून उचलली तेव्हा हिच्या पोटात गवत होतं. खरंच, सीटच्या खालून गवत उगवलेलं, अन् मागं कुत्रीनं पिल्लं घातलेली. इंदू म्हणे, हे काय आणलं? म्हटलं, आपल्या इथलीच आहे, आपल्या फॅक्टरीची — चेसिसचा नंबर पाहिला न, ही निघाली तेव्हा मीच लाईनच्या शेवटी उभा असायचो. इन्स्पेक्शनला होतो मी. एकतीस वर्षं. गाडी लाईनवरून उतरली का पहिले माझ्याजवळ यायची, मी सुरू करायचो, कान लावायचो, कार्डावर लिहायचो — ओके, नाहीतर परत. दोनच शब्द. साहेब मागं उभे राहून घड्याळ पाहायचे, महिन्याचा शेवट आहे लांजेवार, सोडून द्या — मी नाही सोडली. एक गाडी खोटी पास नाही केली अन् एक खोटी फेल नाही केली. लोक मला घाबरायचे. घरीसुद्धा तसाच होतो मी, खोटं काहून सांगू, भाजी केली तर पहिले मीठ कमी आहे सांगायचो अन् मग ओके म्हणायचो. इंदू म्हणे, घरात येताना तो कार्ड फॅक्टरीतच ठेवून येत जा.

रिटायर झाल्यावर सहा वर्षं लागली हिला उभी करायला. पत्रा सगळा मीच ठोकला. गियरबॉक्सचा एक भाग नागपूरहून आणला, कबाड्याकडून, मांडीवर ठेवून बसमधून — लोक विचारून राहिले, बाबूजी, ये क्या है? म्हटलं, लेकरू आहे. अन् मग सेल्फ बिघडला. काढून दुरुस्तीला दिला, दोन महिने आला नाही, तेव्हा इंदूला बसवलं पहिल्यांदा, तू बसली होती न तिथंच, साडी वर खोचून. म्हटलं, मी हँडल मारतो तू दाब. इतकी घाबरली — देवाचं नाव घेऊन दाबला, अन् सुरू झाली तं हसत सुटली, थांबेचना. मग रविवारचं ठरूनच गेलं. सकाळी हँडल, मग बरगी. धरणाच्या पाण्याजवळ गाडी लावायची, डब्यातली पोळी-भाजी खायची, तिथले ढीमर जाळं काढायचे ते पाहायचं, अन् संध्याकाळच्या आत घरी. जास्त बोलायचो नाही आम्ही. तीच बोलायची. मी इंजिन ऐकायचो.

दोन वर्षं होतील दिवाळीला. — हो, गेली. किडनी. तू काही म्हणू नको, सगळे म्हणतात, मला काही होत नाही त्यानं. — समोर गाय आहे, पाहिली मी, पाहिली. — मला होते ते वेगळ्याच गोष्टीचं. सांगू? कोणाला सांगितलं नाही, अंबरीशलाही नाही. ती म्हणे, अहो, पाय सरकते माझा पेडलवरून. मी म्हटलं, रबर घासला असेल. नवीन रबर लावला. पुढच्या रविवारी पुन्हा — सरकते. म्हटलं, स्प्रिंग कडक आहे. हलकी केली. त्याच्या पुढच्या रविवारी अख्खा पेडलच बदलला, कबाड्याकडं अर्धा दिवस घालवला त्याच्यासाठी. तीन रविवार मी पेडल दुरुस्त करून राहिलो, बेटा, अन् तिचा पाय सुजून चपलेत मावत नव्हता. पाय पाहिलाच नाही मी. डॉक्टरनं विचारलं, सूज कधीपासून आहे? तं मी काय सांगावं — म्हटलं, रबर बदलला तेव्हापासून. पन्नास फुटांवरून इंजिनातला टॅपेट वाजलेला सांगायचो मी. अन् ही माझ्या बाजूला बसून, तू बसली न इतक्याच अंतरावर, दम लागून बोलायची — मला वाटलं रस्ता खराब आहे.

जाऊ दे. आलो परत. बंद नाही करत लगेच, चालू दे थोडी. गरम झाल्यावर आवाज अजून चांगला येते. चहा घेशील न? मांडतो मी, दूध आहे. — काय? — पक्की? म्हणजे घेतेच? अरे, असं एका चक्करमध्ये — पाह्य, गाडी म्हणजे काही भाजी नाही. घरी विचार पहिले. वडिलांना विचार. — तुझीच कमाई आहे, अच्छा, चांगलं आहे. अमरकंटकला घेऊन जाणार? एकटी? — हो, भाव जाहिरातीत होता तोच, भावाची गोष्ट नाही — पण एक सांगायचं राहून गेलं, सांगणं माझं काम आहे — हिच्या चेसिसला क्रॅक आहे. मागच्या एक्सलच्या थोडा पुढं. बारीक आहे, दिसत नाही, पण घाटात गेली अन् वजन पडलं तं सांगता येत नाही. अमरकंटकचा घाट तं नकोच. मी तुझ्या जागी असतो तर घेतली नसती. अन् तुझ्यासारख्या पोरीला मी अशी गाडी — अरे, गाडीखाली कुठं चालली? कपडे खराब होतील. बेटा. तिथं तेल आहे. तू काय शिकली म्हणाली? मेकॅनिकल? सर्व्हिस सेंटरला असते? — मला नाही सांगितलं. — नाही, मोबाईलच्या लाईटमध्ये नाही दिसणार, वर ये. वर ये म्हटलं न.

— हो. नाही आहे.

नाही आहे क्रॅक. बस? वेल्डिंगचा टाकासुद्धा नाही. तुला नजर आहे, मान्य करतो, आमच्या लाईनवर असती तर मी तुला माझ्या जागी ठेवलं असतं. तुझ्याआधी सात जण आले, एकानंही खाली वाकून नाही पाहिलं. क्रॅक म्हटलं का लोक आपोआप दोन पावलं मागं जातात, मग थँक्यू अंकल, चहा चांगला होता. — रागावली. रागावशीलच. रविवारची सकाळ गेली तुझी. — तो? तो फडताळावरचा? सेल्फ आहे तो. — हो, हिचाच. दुरुस्त होऊन आला तेव्हापासून तिथंच आहे. दोन बोल्ट अन् एक वायर, मलाही माहीत आहे बेटा, वीस मिनिटांचं काम. तिनंच म्हटलं होतं तेव्हा, राहू द्या तसंच, आठवड्यातून एकदा तुम्हाला माझी गरज तं पडते. म्हणून नाही लावला. अन् आता — ठेव तो. ठेव खाली. तू चांगल्या मनानं म्हणून राहिली, लावून देते अंकल म्हणून, पण ठेव. लावला तं काय होईल? किल्ली फिरवीन, सुरू होईल. एकट्यानं सुरू होईल. बरगीला एकटाच जाईन, एकटाच पोळी खाईन. अंबरीश फोनवर हेच म्हणते, सेल्फ लावा नाहीतर विका. लावला तर मग कोण काहून येईल माझ्याकडं? तू आली असती?

शेजाऱ्यांना विचारलं न, विचारलं नाही असं वाटते का तुला? एकदा बसले, दोनदा बसले, मग रविवारी सकाळी कोणाला फुरसत आहे. मीसुद्धा नसतो गेलो कोणाचा पेडल दाबायला. ती गेल्यावर वर्षभर ही बंद होती, वर चादर टाकून. मग अंबरीशनं जाहिरात टाकली, मला न विचारता, अन् एक जण सतन्यावरून आला. सतन्यावरून! म्हटलं, जरा बसा भैया, पाय ठेवा इथं. सुरू झाली. दोन तास बसला तो माणूस, त्याच्या बापाच्या ट्रकच्या गोष्टी सांगितल्या, दोनदा चहा प्यायला. तेव्हा समजलं मला. पाय दाबायला या म्हटलं तर बाजूच्या घरातून कोणी येत नाही, विकायची आहे म्हटलं तर दुसऱ्या जिल्ह्यातून येतात. विकायची नाही मला, बेटा. कधीच नव्हती. मला रविवारी कोणीतरी पाहिजे असते. एवढंच आहे सगळं.

बंद करतो. — हां. किती शांत झालं न एकदम.

मोबाईलमध्ये काय लिहून राहिली? — त्या जाहिरातीखाली? मतलब सगळे वाचतील ते? — बरोबर आहे. लिही. खोटं नको लिहू काही, अन् कमीही नको लिहू — गाडी ओके, मालक खोटा, विकायची नाही, कोणी वेळ घालवू नये. मी तुझ्या जागी असतो तर हेच लिहिलं असतं, अन् खाली सही केली असती. एकतीस वर्षं मी साहेबांचं ऐकलं नाही, तू माझं काहून ऐकावं? लिही. फक्त — आज नको लिहू. पुढच्या रविवारी कटनीवरून एक जण येऊन राहिला आहे, दहा वाजता, त्यानं पक्कं सांगितलं आहे, बायकोलाही घेऊन येतो म्हणाला. सोमवारी लिही. सोमवारी सकाळी. जा आता, ऊन चढून राहिलं. जा.