आपा जामीन राहिली

मी रत्नागिरीकडचा, म्हणजे बावा, माझे वडील, तिकडचे, आम्हा भावंडांचा जन्म मात्र बेटावरचा. कुठलं बेट ते लिहू नका, माझी थोरली बहीण, आपा, अजून तिथेच आहे. आफ्रिकेच्या किनाऱ्यालगत, लवंगा वाळत घातलेलं गाव, तिथे बावांचं कापडाचं दुकान, आणि आफ्रिकी, अरब, आपली कोकणी माणसं, सगळी एकाच नळावर पाणी भरायची. मग एकाच पक्षाचं राज्य आलं.

काय सांगू तुम्हाला, दुकान घेतलं ते घेतलं, पण यांना घरातही शिरायचं होतं! आमच्या गल्लीवर नेमलेला पक्षाचा माणूस मोठ्या साहेबांची तसबीर घेऊन आला, म्हणाला, बैठकीत लावा. आता आम्ही नमाज पढतो त्याच खोलीत, तिथे तसबीर कशी चालेल? आपा म्हणाली, भाऊ, आत लावते. तर म्हणतो कसा, साहेबांना चुलीपाशी बसवता काय? लावली. तेव्हापासून चुलीपाशी आम्ही नमाज पढायला लागलो.

मतदानसुद्धा होतं हं! कागदावर नाव एकच. मी म्हटलं, दुसरं नाव कुठाय, तर शेजाऱ्याने माझा पाय चेंगरला.

शारजाला कामाला यायची परवानगी मागितली तर म्हणे, मुदतीत परत ये, तोवर घरातलं एक माणूस मागे ठेव. माणूस म्हणजे काय गहाण टाकायचा दागिना आहे? आपा विधवा, एकटी, म्हणाली, तू जा, मी राहते. आणि मी आलो. इथे पोटभर जेवतो ना, तेव्हा स्वतःचीच लाज वाटते.

त्यात आमचे शेठ हसनमियां, इथल्या रोल्ल्याच्या मैदानात वडाखाली चहा पीत मला सांगतात, एकच पार्टी म्हणजे भांडण नाही, बरंय की! मी म्हटलं, तुमच्या घरात तुम्ही एकटेच बोलता, भाभीला विचारा किती बरंय ते. सगळे हसले, तेही हसले. मला हसू येईना.

काल तिकडून गलबत आलं. नाखवा म्हणाला, तुझी मुदत संपतेय, गल्लीचा माणूस आपाला रोज विचारतो, भाऊ कधी येतो? आणि आपाचा निरोप काय, तर येऊ नकोस. हसनमियांही आता हळूच म्हणतात, जाऊ नको, पगार वाढवतो. नाही हो. तिला चौकीवर नेऊन बसवलं तर मला इथला घास उतरेल? परवा गलबत परत सुटतंय, मी चाललो.

तुमची मुलंबाळं सुखात राहोत. त्यांना मोठ्याने बोलता येईल असं राज्य अल्ला देवो. आमचं काय, बघू, आपा आणि मी दोघं तरी असू.