मान्यतेचं पत्र

माझी भाची अश्विनी तशी बोलायला लई मऊ, पण हट्टाला पेटली की कुणाच्या बापाचं ऐकत न्हाय. नर्सिंगच्या प्रवेशासाठी मी तिला सास्तूरहून मोटारसायकलवर कॉलेजात घेऊन गेलो. फॉर्म भरायच्या आधीच ती क्लार्कला म्हणाली, "यंदाच्या मान्यतेचं पत्र दाखवा."

"वेबसाईटवर हाय की."

तिनं तिथंच मोबाईलवर बघितलं. "इथं तर अध्यक्षांच्या वाढदिवसाचे फोटो हायेत. पत्र न्हाय."

"मग उद्या या."

"पत्र बघितल्याबिगर मी इथनं हलणार न्हाय," असं म्हणून ती बाकड्यावर बसली.

मीच घाबरलो. "चल बाई, भरून टाकू फॉर्म."

"मामा, तीन वर्षं शिकले आणि सर्टिफिकेट कुठंच चाललं न्हाय, तर?"

मी तिच्या शेजारी बाकड्यावर बसलो. रांगेतले बाकीचे आई-बापही फॉर्म हातात धरून थांबले. दोन तासांनी प्राचार्य बाहेर आले आणि तिच्या कानाशी वाकून हळूच म्हणाले, "बेटा, यंदाची मान्यता अजून आलेली नाही."

अश्विनी उठून उभी राहिली. "सर, जरा मोठ्यानं सांगा. मागच्यांना ऐकू येत न्हाय."